सार्वजनिक शाळेत पुनर्स्थापक न्याय: पालकांनी नेमके काय मागावे?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. आपण कॅलिफोर्नियात ईस्ट बे भागात राहता आणि आपला मुलगा सार्वजनिक मिडल स्कूलमध्ये सातवीत शिकतो. वर्गातला एक मुलगा बरेच आठवडे त्याच्या नावाची आणि उच्चारांची नक्कल करत होता. शेवटी आपल्या मुलाने त्याला मधल्या सुट्टीत ढकलले, तो लॉकरवर आदळला आणि शाळेने आपल्या मुलाला निलंबित केले. नक्कल करणाऱ्याला तोंडी समज देऊन सोडले. आजही दोघे विज्ञानाच्या तासाला एकाच वर्गात बसतात आणि त्यांच्यातले काहीही मिटलेले नाही. काही पालक एकत्र येऊन शाळेत रिस्टोरेटिव्ह जस्टिस, अर्थात पुनर्स्थापक न्यायाची, म्हणजे केवळ शिक्षा देण्याऐवजी झालेली इजा भरून काढण्यावर भर देणारी पद्धत आणावी असा आग्रह धरत आहेत. इतर काही पालकांना वाटते की त्यामुळे मुलांना धाकच उरणार नाही, आणि प्रिन्सिपल म्हणतात की हे सगळे शाळेत आधीपासूनच चालू आहे. ही मागणी योग्य आहे का, कशाच्या आधारावर करावी आणि कोणाकडे करावी, असे आपण विचारले आहे.

मागणी योग्य आहे. इथल्या सार्वजनिक शाळांत बरीच वर्षे हे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की पालकांनी धोरण मागण्यात शक्ती खर्च करू नये, कारण धोरण बहुतेक डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे भागातल्या सार्वजनिक शाळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडे, कागदावर असतेच. मागायचा तो माणूस आणि मागायचा तो वेळ. या कामासाठी शाळेत प्रशिक्षित, पूर्णवेळ व्यक्ती आहे का आणि वेळापत्रकात त्यासाठी तास राखून ठेवले आहेत का, या दोन गोष्टींवर सारे अवलंबून असते. दुसरे असे की, बाजू मांडताना सुरुवात ज्याच्याकडून चूक घडली त्या मुलापासून न करता ज्याला इजा पोहोचली त्या मुलापासून करावी. बहुतेक पालकगट नेमके उलट करतात आणि मग 'गुन्हेगारांचे लाड' हा शिक्का पुसता पुसता त्यांचे वर्ष निघून जाते.

या विचाराची मुळे फार दूरची नाहीत. १९७४ साली कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात, एलमायरा या गावी, दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. त्यांचे प्रकरण पाहणारे प्रोबेशन अधिकारी मार्क यांत्झी यांनी न्यायाधीशांना सुचवले की ज्यांचे नुकसान झाले त्यांना या दोघांनी प्रत्यक्ष भेटावे, आणि न्यायाधीशांनी ते मान्य केले. १९८९ साली न्यूझीलंडने मुलांविषयीच्या कायद्यात कुटुंबपरिषदेची, म्हणजे मुलाबाबतचा निर्णय त्याच्या कुटुंबासह एकत्र बसून घेण्याची, तरतूद केली. तिच्यामागे तिथल्या मूळच्या माओरी समाजाची परंपरा होती आणि सरकारी यंत्रणा आमची मुले आमच्यापासून तोडते ही त्या समाजाची रास्त तक्रारही होती. शाळेत ही पद्धत आली ती १९९४ साली, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्यातल्या मरुचिडोर येथील सरकारी हायस्कूलमध्ये, मार्गारेट थॉर्सबोर्न यांच्या पुढाकाराने. वर्तुळात बसून, एक वस्तू हातोहात फिरवत, ज्याच्या हाती ती असेल त्यानेच बोलायचे ही रीत उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी समाजांकडून आली आहे आणि ती वापरताना त्यांचे ऋण मान्य करायला हवे. अमेरिकी अभ्यासक हॉवर्ड झेहर यांनी या सगळ्याला जी वैचारिक बैठक दिली तिचा गाभा तीन प्रश्नांत मावतो: इजा कोणाला झाली, त्याची गरज काय आहे आणि ती पुरी करण्याची जबाबदारी कोणाची? नेहमीची शिस्तपद्धती विचारते की नियम कोणता मोडला, कोणी मोडला आणि त्याला शिक्षा काय. या नेहमीच्या पद्धतीत इजा झालेला मुलगा साक्ष देऊन झाली की प्रकरणातून बाहेर पडतो आणि पुढे त्याला कोणीही काही विचारत नाही.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते एका उदाहरणावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आठवीतली एक मुलगी बोलताना अडखळत असे. वर्गात उतारा वाचताना तिचा आवाज एका मुलाने फोनवर टिपला, त्यावर संगीत चढवले आणि ती क्लिप वर्गाच्या ग्रुपवर टाकली. शाळेच्या नियमानुसार त्याला पाच दिवस घरी पाठवता आले असते. ते झाले असते तरी क्लिप सगळ्यांच्या फोनमध्ये राहिलीच असती. आम्ही आधी मुलीला एकटीला भेटलो, मग तिच्या आईला, मग मुलाला आणि त्याच्या वडिलांना, तेही एकाहून अधिक वेळा. या कामाचा मोठा भाग ही तयारीच असते आणि घाईत असलेल्या शाळा नेमकी तीच गाळतात. वडिलांचे म्हणणे होते की त्याने 'सॉरी' म्हणावे आणि विषय संपवावा. मुलीला माफी नको होती. तिचे म्हणणे असे होते की ज्यांनी ज्यांनी ती क्लिप पाहिली त्या सर्वांना ती कोणी बनवली हे त्यानेच सांगावे, आणि यापुढे वर्गात मोठ्याने वाचायला लावण्याआधी बाईंनी तिला विचारावे. बैठकीत तिने सांगितले की त्या दिवसापासून ती डबा लायब्ररीत खाते आणि येत असलेल्या उत्तरालाही हात वर करत नाही. हे मुलाला ठाऊकच नव्हते. तोवर तो 'सगळेच हसले' एवढेच म्हणत होता, लायब्ररीचे ऐकल्यावर मात्र त्याने विचारले की रोज का, आणि ती म्हणाली, "रोज."

त्या बैठकीतून जो करार झाला त्यात चार गोष्टी होत्या. त्याच ग्रुपवर मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहायचे आणि सर्वांना क्लिप काढून टाकायला सांगायचे. क्लिप पुढे पाठवणाऱ्या दोन मित्रांनीही काउन्सेलरकडे येऊन हेच करायचे. शिक्षिकेने वाचनाची पद्धत बदलायची. आणि दोन आठवड्यांनी व पुन्हा सहा आठवड्यांनी माझ्या सहकाऱ्याने मुलीला भेटून ठरलेले पाळले जाते का हे विचारायचे. तिसरी गोष्ट कोणत्याही शिक्षेतून निघाली नसती. शिक्षिकेचा हेतू वाईट नव्हता, तरी वर्गातली एक रीत या मुलीला दर आठवड्याला उघडे पाडत होती, आणि ते फक्त तिलाच माहीत होते.

आपल्या शाळेतले साशंक पालक विचारतील की मग यात शिक्षा कुठे आहे. त्यांना अवश्य सांगावे की ज्याच्यावर हसलो त्याच्यासमोर बसून ऐकणे आणि मग सगळ्या वर्गासमोर आपले कृत्य कबूल करणे, हे घरी बसून व्हिडिओ गेम खेळण्यापेक्षा कोणत्याही तेरा वर्षांच्या मुलाला अधिक जड जाते. त्याच वेळी त्यांच्या काळजीत तथ्य आहे हेही मान्य करावे, कारण वाईट रीतीने राबवलेल्या पुनर्स्थापक न्यायाने मुलांचे नुकसान केल्याची उदाहरणे आहेत. छळ झालेल्या मुलाला छळणाऱ्याशेजारी बसवून 'दोघांचेही थोडे चुकले' असे म्हणवून घेणे हा पुनर्स्थापक न्याय नव्हे. सक्तीने लिहून घेतलेली माफीची चिठ्ठीही नव्हे. इजा झालेल्या मुलाने समोरासमोर बसायला नकार दिला तर तो नकार शेवटचा मानला पाहिजे. त्याचे म्हणणे प्रौढ व्यक्तीमार्फत किंवा लेखी पोहोचवता येते. लैंगिक अत्याचार, बंदूक, चाकू रोखणे, स्फोटके, अमली पदार्थांची विक्री अशा प्रकरणांत कॅलिफोर्नियाचा शिक्षण कायदा प्रिन्सिपलला हकालपट्टीची शिफारस करण्यास बांधून टाकतो, आणि तिथे आमचे काम फार तर नंतरचे, वर्गाला सावरण्याचे असते. पालकगटाने आपल्या निवेदनात ही मर्यादा स्वतःहून लिहावी. त्याने विश्वास वाढतो.

एक सूचना आणखी, कारण ती सहसा कोणी देत नाही. बैठकीत मूल जे बोलते त्याला वकिलाशी बोलण्यासारखे कायदेशीर संरक्षण आपोआप मिळत नाही, आणि या राज्यात शाळेचे कर्मचारी मुलावरील अत्याचाराची शंका आल्यास ती कळवण्यास कायद्याने बांधलेले असतात. प्रकरण पोलिसांकडे जाण्याची शक्यता असेल तर मुलाला बैठकीत बसवण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

आता आकड्यांविषयी. पालक सभेत उत्साहाच्या भरात मोठमोठे दावे करतात आणि डिस्ट्रिक्टचे निर्णय घेणाऱ्या बोर्डाचा एखादा तयारीचा सदस्य ते दोन वाक्यांत खोडून काढतो, म्हणून संशोधन नेमके काय सांगते ते माहीत असावे. निलंबनाविषयीचा एक फार मोठा अभ्यास टेक्सासचा आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सातवीतल्या जवळजवळ दहा लाख मुलांचा सहा वर्षे मागोवा घेतला होता. त्यांतील सुमारे ६० टक्के मुले बारावीपर्यंत किमान एकदा निलंबित झाली किंवा काढली गेली, आणि यांपैकी कायद्याने शिक्षा बंधनकारक होती अशी प्रकरणे जेमतेम ३ टक्के होती. बाकी सर्व शाळेच्या मर्जीवर होते. मर्जी आली की भेदभाव येतो: संघराज्य सरकारच्या २०११-१२ च्या आकडेवारीनुसार कृष्णवर्णीय मुलांचे निलंबन व हकालपट्टीचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या तिप्पट होते.

निलंबन वाईट, म्हणून पर्याय चांगला, असे मात्र आपोआप सिद्ध होत नाही. पिट्सबर्गमध्ये २०१५ ते २०१७ या काळात ४४ शाळांत रँड या संशोधन संस्थेने चिठ्ठ्या टाकून निवड केल्याप्रमाणे दोन गट पाडून प्रयोग केला. ज्या शाळांत पुनर्स्थापक पद्धती आणल्या तिथे निलंबनामुळे बुडणारे दिवस कमी झाले, विशेषतः प्राथमिक वर्गांत, आणि शिक्षकांना शाळेचे वातावरण सुधारल्याचे जाणवले. पण सहावी ते आठवीच्या मुलांचे परीक्षेतले गुण घसरले. मेन राज्यातील मिडल स्कूलांच्या तशाच प्रयोगात एकूण फरक दिसला नाही, मात्र ज्या मुलांनी ही वागणूक आपल्याला प्रत्यक्षात मिळाली असे सांगितले त्यांचे अनुभव चांगले होते. २०२३ साली लर्निंग पॉलिसी इन्स्टिट्यूटने कॅलिफोर्नियातील ४८५ मिडल स्कूलांची माहिती तपासली, तेव्हाही हेच पुढे आले: ज्या मुलांपर्यंत ही पद्धत जास्त पोहोचली त्यांचे अभ्यासातले यश वाढले आणि वंशावंशांतील तफावत कमी झाली.

मी हे तिन्ही अभ्यास एकत्र वाचते तेव्हा मला त्यांत विसंगती दिसत नाही. शाळेच्या दारावर पाटी लागणे वेगळे आणि मुलापर्यंत ती गोष्ट पोहोचणे वेगळे. मिडल स्कूलमध्ये मूल दिवसभरात सहा-सात शिक्षकांकडे जाते, कोणाकडेही पाऊण-एक तासाहून जास्त थांबत नाही, आणि शिक्षकाकडे दीडशे मुले असतात. अशा ठिकाणी दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन शिक्षकांना 'आता तुम्ही निलंबन करू नका, संवाद करा' असे सांगितले, तर त्रास देणारे मूल वर्गातच राहते, संवाद करायला कोणी मोकळे नसते आणि बाकीच्या तीस मुलांचा तास जातो. शिक्षकांचा विरोध येतो तो याच अनुभवातून, आणि तो ऐकून घेतला पाहिजे. त्यांना आपल्या बाजूला आणायचे असेल तर निवेदनात त्यांच्या वेळेची मागणी आधी करावी: तास सोडून बैठकीत बसायचे तर बदली शिक्षक, आणि प्रशिक्षण शाळेच्या वेळेत, पगारी. शिक्षकसंघटनेचा शाळेतला प्रतिनिधी सोबत असेल तर बोर्डावर त्याचा परिणाम पालकांच्या पन्नास सह्यांहून अधिक होतो.

बैठकीची गरज पडण्याआधीचे काम तर याहून महत्त्वाचे आहे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या तासाला, वर्ग वर्तुळात बसतो. विषय साधे असतात, शनिवारी काय केले, कोणत्या गोष्टीची चीड येते, नवीन मुलाला या वर्गात काय कठीण जाईल. पहिले काही आठवडे मुले कंटाळतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो. पण आपल्या मुलाच्या प्रकरणाचाच विचार करा. नावाची नक्कल चालू असल्याचे वर्गातल्या बहुतेकांना माहीत होते आणि एकाही प्रौढाला माहीत नव्हते. जिथे मुलांना दर आठवड्याला बोलायची जागा असते तिथे अशी गोष्ट लॉकरपर्यंत जाण्याआधी कोणाच्या तरी तोंडून निघते, बहुधा तिसऱ्याच मुलाच्या.

पालकांनी हे घडवून आणल्याची उदाहरणे आहेत, आणि ती सभेत सांगण्याजोगी आहेत. डेन्व्हरमध्ये १९९२ साली व्हॅल्व्हर्डे प्राथमिक शाळेत स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना शिक्षा म्हणून जेवणघरात जमिनीवर बसून जेवायला लावले जात होते. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या पालकांनी 'पाद्रेस उनिदोस' ही संघटना बांधली; पुढे विद्यार्थीही त्यात आले, आणि याच संघटनेच्या रेट्यामुळे डेन्व्हरच्या डिस्ट्रिक्टने २००८ साली शिस्तीची नियमावली बदलून तिच्यात पुनर्स्थापक पद्धतींना जागा दिली. लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातील 'काद्रे' या पालकसंघटनेने २००७ साली शिस्तधोरण बदलायला लावले, आणि २०१३ साली त्या अवाढव्य डिस्ट्रिक्टने 'उद्धट अवज्ञा' या कारणाखाली मुलांना निलंबित करणे बंद केले. शिकागोत आया आणि आज्या प्रशिक्षण घेऊन शाळांमध्ये स्वतः शांतताकेंद्रे चालवू लागल्या. मुलाला ऑफिसात पाठवण्याऐवजी या बायकांकडे पाठवले जाई. आपल्या शेजारच्या ओकलंडमध्ये वकील फानिया डेव्हिस यांनी २००५ साली संस्था काढली, पश्चिम ओकलंडमधील कोल मिडल स्कूलमध्ये काम सुरू झाले आणि काही वर्षांत डिस्ट्रिक्टने ते धोरण म्हणून स्वीकारले. त्याच ओकलंडमध्ये २०१९ साली अर्थसंकल्पातील कपातीच्या यादीत हा कार्यक्रम आला आणि विद्यार्थ्यांना तो वाचवण्यासाठी बोर्डाच्या सभेत जावे लागले. पदे कायम निधीतून नसली की काय होते, ते आपल्या गटाने तिथे जाऊन विचारावे.

कायद्याची बाजू कॅलिफोर्नियात आपल्याला बरीच अनुकूल आहे. २०१५ पासून तिसरीपर्यंतच्या मुलांना केवळ अवज्ञेसाठी निलंबित करता येत नाही. २०२० पासून ही मनाई आठवीपर्यंत वाढली आणि २०२३ साली मंजूर झालेल्या कायद्याने ती बारावीपर्यंत नेली, वरच्या वर्गांसाठी २०२९ च्या मध्यापर्यंतच्या मुदतीने. शिक्षण कायद्याचे कलम ४८९००.५ सांगते की निलंबन हा सुधारण्याचे इतर मार्ग थकल्यानंतरचा उपाय आहे, आणि त्या मार्गांच्या यादीत पुनर्स्थापक न्यायाचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र आपल्या प्रकरणात हे कलम पुरेसे नाही, कारण मारहाणीसारख्या कृत्यात पहिल्याच वेळी निलंबन करण्याची मुभा तेच कलम देते. म्हणून 'शाळेने कायदा मोडला' असे म्हणू नये. निलंबनाआधी प्रिन्सिपलने मुलाला आरोप आणि पुरावा सांगून त्याची बाजू ऐकली होती का, एवढे मात्र जरूर विचारावे. तो मुलाचा हक्क आहे आणि १९७५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गॉस विरुद्ध लोपेझ खटल्यात तो मान्य केला आहे. नक्कल आणि छळाची तक्रार त्याच वेळी लेखी नोंदवली गेली का, हा दुसरा प्रश्न.

आता मागणी कोणाकडे न्यायची ते सांगते. प्रिन्सिपलकडे पहिली भेट माहितीची असावी, मागणीची नको. 'आधीपासूनच चालू आहे' या उत्तरावर वाद घालू नये. शांतपणे विचारावे की हे काम कोण करते, त्या व्यक्तीचे आठवड्याचे किती तास यासाठी राखलेले आहेत, शिक्षकांना किती प्रशिक्षण मिळाले, गेल्या महिन्यात किती बैठका झाल्या, ठरलेले पाळले का हे कोण तपासते आणि इजा झालेल्या मुलाला नंतर कोणी भेटते का. उत्तरे लिहून घ्यावीत. हे काम असिस्टंट प्रिन्सिपल आपल्या बाकीच्या कामांतून वेळ काढून करत असतील तर आपल्याला हवे ते उत्तर मिळाले. त्यासोबत राज्याच्या डेटाक्वेस्ट संकेतस्थळावरून आपल्या शाळेचे निलंबनाचे आकडे काढावेत. ते कारणानुसार आणि वंशानुसार मिळतात.

त्यानंतरची जागा म्हणजे स्कूल साइट कौन्सिल. महाराष्ट्रातील शाळा व्यवस्थापन समितीशी ज्यांचा परिचय आहे त्यांना तिची कल्पना चटकन येईल, फक्त इथे निम्मे सदस्य शाळेचे कर्मचारी असतात आणि निम्म्यात पालक, तर वरच्या वर्गांत विद्यार्थीही. शाळेच्या वार्षिक आराखड्यातील पैसा कुठे खर्च व्हावा हे ही समिती ठरवते, आणि बऱ्याच शाळांत पालकांच्या जागा रिकाम्या पडलेल्या असतात. आपल्या गटातील एकाने तरी निवडणुकीला उभे राहावे.

खरा पैसा मात्र डिस्ट्रिक्टच्या तीन वर्षांच्या जबाबदारी आराखड्यात असतो, ज्याला इथे सगळे एलकॅप म्हणतात. तो दरवर्षी १ जुलैच्या आत मंजूर व्हावा लागतो, शाळेचे वातावरण आणि निलंबनाचे प्रमाण हे त्यातले बंधनकारक विषय आहेत, आणि पालक सल्लागार समितीने लेखी मत दिले तर त्याला सुपरिंटेंडंटना, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुख अधिकाऱ्यांना, लेखी उत्तर द्यावे लागते. पालक बहुधा मे-जूनमध्ये जागे होतात, तेव्हा आकडे पक्के झालेले असतात. हालचाल जानेवारी-फेब्रुवारीत सुरू करावी. मागणीचे वाक्य एकच आणि मोजता येईल असे असावे: 'प्रत्येक मिडल स्कूलमध्ये एक पूर्णवेळ समन्वयक, कायम निधीतून, किमान तीन वर्षांसाठी.' बोर्डाच्या नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर होते. नागरिकांना बोलायला साधारण दोन-तीन मिनिटे मिळतात. त्यात तत्त्वज्ञान सांगत बसू नये. एका पालकाने इजा झालेल्या मुलाविषयी बोलावे, एका शिक्षकाने वेळेविषयी आणि एका विद्यार्थ्याने स्वतःविषयी. मुलांची नावे कोणीही घेऊ नयेत.

आपल्या समाजाविषयी थोडे बोलणे मला आवश्यक वाटते. इथले मराठी आणि एकूणच भारतीय पालक निलंबनाची गोष्ट मंडळात, मित्रांत, कधी सख्ख्या बहिणीपासूनही लपवतात. आणि दुसऱ्याच्या मुलाकडून त्रास झाला की त्याला शाळेतून काढाच, अशी मागणी करणाऱ्यांतही आपण पुढे असतो. आपल्यापैकी अनेक जण छडीच्या शाळेतून आलो आहोत आणि त्यातून 'काही बिघडले नाही' असे म्हणतो. भारतातही शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने २००९ साली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बेकायदा ठरवला, याची असे म्हणणाऱ्यांना आठवण करून द्यावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या शाळांमध्ये निलंबनाचा सर्वांत मोठा भार कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांवर पडतो, आणि त्यांचे पालक ही लढाई आपल्या कितीतरी आधीपासून लढत आहेत. आपल्या गटाने वेगळी चूल मांडू नये. त्यांच्या सभांना जावे, आधी ऐकावे, भाषांतर किंवा आकडेवारीचे काम अंगावर घ्यावे. मुलगा निलंबित झाला हे आपण उघडपणे लिहिलेत, त्याने आणखी चार घरांना बोलता येईल.

आपल्या मुलासाठी मात्र एलकॅपची वाट पाहू नये. प्रिन्सिपलना आजच ईमेल करून निलंबनानंतरची परतीची बैठक मागावी; ती झाली नसेल तर उशिरा का होईना, घेता येते. ईमेलमध्ये दोन्ही गोष्टी लिहाव्यात, आपल्या मुलाने ढकलले ही आणि त्याच्या नावाची इतके आठवडे नक्कल झाली हीही. मुलाला आधी घरी विचारावे की त्याला काय हवे आहे, आणि उत्तर सुचवू नये. समोरासमोर बसायला तो तयार असेल, आणि दुसरा मुलगाही, तर बैठक प्रशिक्षित माणसाने, दोघांना आधी वेगवेगळे भेटून, मगच घ्यावी. शाळेत असा माणूस नसेल तर डिस्ट्रिक्टच्या कार्यालयातून पाठवता येतो का हे विचारावे. त्यात आपल्या मुलालाही स्वतःच्या ढकलण्याचा जाब द्यावा लागेल, याची तयारी त्याची आणि आपलीही हवी. दोघांपैकी कोणी नाही म्हटले तर विज्ञानाच्या तासाची बसण्याची जागा बदलणे, नाव नीट उच्चारले जाईल याची शिक्षकांनी वर्गात काळजी घेणे आणि आठवड्यातून एकदा ठरावीक प्रौढ व्यक्तीने मुलाची विचारपूस करणे, एवढे तरी लेखी ठरवून घ्यावे. ती व्यक्ती कोण असावी हे मुलालाच निवडू द्यावे. बरेचदा तो काउन्सेलरऐवजी पी.ई.च्या सरांचे किंवा लायब्ररीतल्या बाईंचे नाव घेतो, आणि शाळेने ते मान्य करायला हरकत नसते.